गोग्रासाचं ओझं: नौपाड्यातल्या एका गाईचं प्रकरण

सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासारख्या पशुवैद्यकाचा फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं: "गाय उठत नाहीये." गावाकडे हाच फोन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांसाठी येतो. कारणही तेच. पुरणपोळी, खीर, वडे, भात. भक्तिभावाने भरवलेलं आणि जनावराच्या पोटाला न पेलणारं.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका देवळाबाहेर बांधल्या जाणाऱ्या गाईचं हे प्रकरण त्यातलंच. पण अमावास्येचा अपघात हे काही ते लिहिण्याचं कारण नाही. असे अपघात पाठ्यपुस्तकात आहेत, त्यांचे उपचारही ठरलेले आहेत. या गाईने त्याआधी काही महिने आपल्या वागण्यातून काय कमी पडतंय ते उघड दाखवलं होतं आणि बघणाऱ्या प्रत्येकाने त्याचा आपापल्या परीने अर्थ लावला होता. कुणाला ती माया वाटली, कुणाला खोड, कुणाला देवीचा कोप.

गाय आणि तिचा दिवस

गावरान गाय, तांबूस रंगाची, दात जुळलेली म्हणजे पूर्ण वयात आलेली, दोन वेतं झालेली आणि आता भाकड. मोजपट्टीवरून वजन तीनशे किलोच्या आसपास. अंगाने भरलेली, त्यामुळे "किती छान ठेवलीय" असं येणारा-जाणारा म्हणायचा. तिची मालकीण, जिला सगळे मावशीच म्हणतात, सकाळी लवकर तिला देवळाच्या कुंपणाला बांधायची, दुपारी चरईतल्या एका चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये न्यायची आणि संध्याकाळच्या आरतीला परत आणायची. दोरी चार हातांची. समोर प्लास्टिकच्या टोपलीत कणीक-गुळाचे लाडू, शेजारी हिरव्या गवताच्या जुड्या.

ही मांडणी ठाणे-मुंबईकरांना नवी नाही. पण तिचा हिशेब फार थोड्यांच्या लक्षात येतो. भक्त लाडू विकत घेतो, गाईला भरवतो, लाडू संपतो. जुडी घेतली तर ती गाईपुढे टाकली जाते, गाय एक-दोन तोंडं मारते, भक्त नमस्कार करून निघून जातो आणि जुडी उचलून पुन्हा टोपलीशेजारी ठेवली जाते. लाडवांनी पोट भरलेली गाय गवताला तोंड लावत नाही, म्हणून तीच जुडी दिवसभरात चार जणांना विकता येते. गाय जितकं कमी गवत खाईल तितकी जुडी जास्त वेळा विकली जाते. यात मावशींना दोष देऊन उपयोग नाही. हिरवा चारा भिवंडीकडून टेम्पोने येतो, त्याला रोज रोख पैसे मोजावे लागतात आणि लाडू घरी वळता येतात.

थोडक्यात, गाईच्या पोटात दिवसभर कणीक, गूळ, केळी, शिळ्या पोळ्या आणि भात जायचा. रात्री शेडमध्ये भाताचा थोडा पेंढा. मीठ वेगळं कधीच नाही. क्षारमिश्रण हा शब्द मावशींनी माझ्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकला.

खोडी

मला पहिल्यांदा बोलावलं ते गाय आजारी म्हणून नव्हे, "मारकी झाली" म्हणून. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने एका आजींचा पदर तोंडात धरला आणि सोडेना. ओढाताणीत आजी पडल्या. देवळाचे एक विश्वस्त, सगळे त्यांना नाना म्हणतात, वैतागून म्हणाले, "डॉक्टर, एकतर हिला इंजेक्शन द्या, नाहीतर मावशींना दुसरी गाय आणायला सांगा."

मी थोडा वेळ नुसती बघत उभी राहिले. सगळ्यात आधी दिसली ती भिंत. गाईच्या तोंडाच्या उंचीवर देवळाच्या कुंपणाचा रंग गेला होता, खालचं प्लॅस्टर उघडं पडलं होतं आणि तेही जिभेने घासून गुळगुळीत झालं होतं. तेवढाच एक लांबट पट्टा, दोरी पोहोचते तिथपर्यंत. मग माणसांचे हात. लाडू भरवल्यावर गाय तळहात, मनगट, कोपरापर्यंत चाटत राहायची. लोक कौतुकाने मोबाइल काढायचे. "बघा, किती माया लावते." ठाण्याच्या जूनमध्ये घाम न आलेला हात सापडणं कठीण, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

ती दोरी चघळायची, गोणपाट चघळायची, पिशवीसकट पोळ्या ओढून पिशवीही गिळायची. आणि एक गोष्ट ती जवळजवळ करतच नव्हती: रवंथ. नीट चारा मिळणारी गाय दिवसातले सहा ते नऊ तास रवंथ करते. एकेक घास वर आणून पन्नास-साठ वेळा चावते, मग गिळते. ही बसायची, पण जबडा स्थिर. मधेच एखादा घास वर आला तर विसेक वेळा चावून खाली. शेण पातळ, बुडबुडे आलेलं. ते चहाच्या जुन्या गाळणीत धुतलं तर हाती लागले गव्हाचे न पचलेले कण आणि जेमतेम चिमूटभर काड्या.

मी लिहून दिलं: कडब्याची कुट्टी, रोज पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, क्षारमिश्रण, लाडू बंद किंवा अगदी मोजके. कागद मावशींनी देवीच्या तसबिरीमागे जपून ठेवला. तिथेच तो राहिला.

लाळेचा हिशेब

गाईच्या पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. चारा तिथे आंबतो. पचवणारी खरी मंडळी म्हणजे तिथले जिवाणू आणि एकपेशीय प्राणी. ते काड्यांमधलं सेल्युलोज फोडतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. हे आम्ल साठून राहिलं तर जिवाणू मरतील, म्हणून ते सतत शमवावं लागतं. शमवते ती लाळ. मोठ्या दुभत्या गाईत दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ तयार होते आणि तिच्यात भरपूर सोडियम बायकार्बोनेट असतं, म्हणजे आपला खायचा सोडाच. लाळ सुटते ती चावण्याने. चावायला लावतात त्या लांब, राठ काड्या. लाडू चावावा लागत नाही.

आता खोडींकडे परत बघा. कापड, दोरी, गोणपाट: चावत राहता येईल असं जे जे दिसेल ते. भिंत आणि घामेजले हात: जिथे जिथे खारट चव आहे ते. केळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम नावापुरतं. कणीक, गूळ, भात, सगळे मिठाच्या बाबतीत कोरडे. एकीकडे लाळ सोडायला लावणारा चारा नाही, दुसरीकडे लाळेत घालायला सोडियम नाही. वरवर दोन वेगळ्या वाटणाऱ्या खोडी एकाच कमतरतेकडे बोट दाखवत होत्या.

जनावराला "मला हे कमी पडतंय" असं खरंच कळतं का, हा प्रश्न नानांनी विचारला तेव्हा मी त्यांना ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांची गोष्ट सांगितली. मेलबर्नला डेरेक डेन्टन यांनी मेंढ्यांच्या एका लाळग्रंथीची नळी बाहेर काढून लाळ शरीराबाहेर जाईल अशी सोय केली. लाळेबरोबर सोडियम वाया जाऊ लागलं. समोर साधं पाणी आणि सोडियमचं द्रावण दोन्ही ठेवल्यावर त्या मेंढ्या जेवढं गमावलं साधारण तेवढंच द्रावणातून भरून काढायच्या. मिठाची ही भूक जन्मजात आहे, ती शिकवावी लागत नाही. शरीरातलं सोडियम कमी झालं की रवंथ करणाऱ्या जनावराच्या लाळेत त्याची जागा पोटॅशियम घेऊ लागतं. शरीर काटकसर करतं आणि जीभ शोधाला निघते.

फॉस्फरसचंही असंच आहे. दक्षिण आफ्रिकेत शंभरेक वर्षांपूर्वी गाई कुरणात पडलेली हाडं चघळायच्या आणि लुळ्या पडून मरायच्या. ऑन्डरस्टपोर्टच्या संस्थेत अर्नोल्ड थायलर यांनी त्याचा माग काढला: जमिनीत फॉस्फरस कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गाई हाडं शोधतात, आणि कुजक्या हाडांवरच्या जिवाणूंच्या विषाने, म्हणजे बोट्युलिझमने, मरतात. हाडांचा भुगा खायला दिला तर चघळणं थांबतं. भूक खरी होती, फक्त ती भागवायला समोर जे होतं ते घातक होतं. नौपाड्यात हाडांच्या जागी प्लास्टिकची पिशवी, एवढाच फरक.

पण या उपजत शहाणपणाला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा निवडीची आहे. ऑक्सफर्डमध्ये १९९०च्या सुमारास डेव्हिड रॉबेनहायमर आणि स्टीफन सिम्पसन यांनी टोळांच्या पिल्लांवर काम केलं. एकात प्रथिनं जास्त, दुसऱ्यात पिष्टमय भाग जास्त असे दोन वेगवेगळे असमतोल खुराक समोर ठेवले, तर टोळ दोन्हींतून इतकं नेमकं खातात की शेवटी प्रथिनं आणि पिष्टाचं प्रमाण दर वेळी तेच येतं. एकच असमतोल खुराक दिला, की तडजोड सुरू होते: प्रथिनं कमी असतील तर ती पुरी करण्याच्या नादात पिष्ट नको तेवढं पोटात जातं. कुरणातली गाय दिवसभरात वेगवेगळ्या गवतांना, पाल्याला, शेंगांना तोंड लावते. चार हातांच्या दोरीला बांधलेल्या गाईपुढे मात्र दोरीच्या टोकाशी जो उभा असेल त्याचाच खुराक असतो, आणि तो उभा असतो लाडू घेऊन.

अमावास्या

त्या दिवशी देवळाबाहेर रांग होती. प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानावर गोग्रास: भात-वरण, खीर, उडदाचे वडे, पुरणपोळी. कुणाच्या घरी कुणी गेलेलं, कुणाच्या आईचं पहिलं वर्ष. अशा वेळी "नको, आता पुरे" म्हणणं मावशींना जमलं नाही, आणि मला वाटतं कुणालाच जमलं नसतं. शिवाय त्या दिवसाची दक्षिणा महिन्याचं भाडं काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय शेडमध्ये बसलेली होती. मान पोटाकडे वळवलेली, डोळे खोल गेलेले, तापमान नेहमीपेक्षा थोडं कमीच, नाडी जलद. डाव्या कुशीवर कान लावला तर कोठीपोटाची हालचाल नाही. कूस ढोसली की आत पाणी डुचमळल्याचा आवाज. पातळ हगवण, तिला आंबूस दर्प. उठवलं तर पाय झिंगल्यासारखे पडत होते. तोंडातून नळी घालून कोठीपोटातलं पाणी काढलं. चांगलं पाणी हिरवट-तपकिरी असतं. हे दुधाळ करडं होतं आणि त्याला आंबलेल्या ताकासारखा वास येत होता. सामू (पीएच, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) मोजण्याची पट्टी पाचाच्या आसपास थांबली. सहा ते सात असायला हवा. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी वळवळणारे एकपेशीय जीव, एकही हलत नव्हता.

घडलं होतं ते असं. कोठीपोटात एकदम एवढं पिष्ट आणि साखर आली की त्यावर भराभर वाढणारे जिवाणू माजतात आणि लॅक्टिक आम्लाचा पूर येतो. सामू उतरतो, तसे काड्या पचवणारे जिवाणू मरतात. मागे उरतात ते आम्लातच फोफावणारे, आणि तेही पुन्हा लॅक्टिक आम्लच बनवतात. विरघळलेल्या आम्लाने कोठीपोटातलं पाणी तीव्र होतं, ते रक्तातलं पाणी ओढून घेतं. म्हणून डोळे खोल आणि पोटात डुचमळ. आम्ल रक्तात उतरलं की झिंगणं. आणि "पुरे" असा इशारा मेंदूपर्यंत पोहोचायला काही तास लागतात. तोवर पंगत उठून गेलेली असते. गाईच्या पूर्वजांना रानात पुरणपोळ्यांचा ढीग कधी भेटला नाही, त्यामुळे त्यावरचा लगामही अंगात नाही.

कोमट पाण्याने कोठीपोट पुन्हा पुन्हा धुतलं, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड दिलं, शिरेतून सलाइन आणि बायकार्बोनेट, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. आम्ल वाढलेल्या पोटात बी-१ नष्ट होतं आणि ते कमी पडलं तर मेंदूवर परिणाम होतो, म्हणून. मग सगळ्यात महत्त्वाचं: मेलेली वस्ती पुन्हा वसवणं. कळव्याच्या एका तबेल्यातल्या निरोगी गाईच्या कोठीपोटातलं पाणी नळीने काढून, गाळून, थर्मासच्या डब्यातून रिक्षाने आणलं आणि हिच्या पोटात सोडलं. मावशी सलाइनची बाटली धरून उभ्या होत्या. मी काय करतेय ते समजल्यावर म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही पण तेच करता व्हय? आमचे आप्पा चांगल्या बैलाच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी बैलाला चारायचे. मला वाटायचं, येडेपणा आहे."

आप्पांचं बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी गाईने पेंढ्याची काडी तोंडात घेतली. त्यानंतर दोन दिवसांनी पहिल्यांदा नीट रवंथ.

घमेली

बरी होत असताना ती शेडमध्येच होती, देवळाची वर्दळ नव्हती, मावशी घाबरलेल्या होत्या. अशा वेळी सांगितलेलं ऐकलं जातं. चार घमेली ओळीने ठेवली: ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, हिरवं हत्तीगवत, जाडं मीठ, खायचा सोडा. शिवाय थोडा गव्हाचा कोंडा क्षारमिश्रण कालवून, पण तो मोजून. बाकी तिच्या मर्जीवर.

मिठाच्या घमेल्यावर ती तुटून पडली. पहिल्या दिवशी ते बाजूला ओढावं लागलं, पाणी मुबलक ठेवावं लागलं. आठवडाभरात तिचं मीठ आपोआप कमी झालं, मग दिवसाला दोन-चार वेळा जीभ लावून जाणं एवढंच. सोड्याला तिने नाक लावलं आणि सोडून दिलं. याचं नवल वाटायला नको. अमेरिकेत यूटामध्ये हुआन व्हिलाल्बा आणि फ्रेडरिक प्रोव्हेन्झा यांनी २००६मध्ये दाखवलं की धान्याने पोट बिघडलेली कोकरं त्यावर उतारा असलेली बेन्टोनाइट माती निवडतात, पण आधी तो उतारा चाखून बरं वाटल्याचा अनुभव घेतलेली कोकरंच. मिठाची ओढ रक्तात असते, औषधाची शिकावी लागते. या गाईला ते शिकवणारं कुणी नव्हतं. एका गाईवरून मोठा निष्कर्ष काढायचा नसतो, पण तिचं वागणं या सगळ्याशी जुळलं एवढं खरं.

भिंत चाटणं थांबलं. पुढे देवळाने कुंपण रंगवलं तेव्हा तो पट्टाही बुजला. हात चाटणंही थांबलं, आणि त्यावर काही भक्त नाराज झाले. "हल्ली माया करत नाही पूर्वीसारखी," असं एका काकूंनी मला ऐकवलं. पदर धरण्याची सवय मात्र पूर्ण गेली नाही. कुट्टी मिळू लागल्यावर ती बरीच कमी झाली, तरी संध्याकाळच्या गर्दीत एखादी ओढणी अजूनही तोंडात जाते. तोंडाला लागलेली सवय पोट भरलं म्हणून सुटतेच असं नाही.

लाडवांचं काय

नाना, मावशी आणि मी देवळाच्या ओट्यावर बसून बोललो. मी आधी कायद्याचा विषय काढला नाही. शहरात गुरं पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा १९७६चा राज्याचा कायदा आहे आणि त्यात परवाना लागतो, हे नानांनीच सांगितलं, मावशींकडे बघत. मावशी गप्प झाल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, लोक लाडू द्यायला येतात. गवताला कोण हात जोडतं?"

हा मुद्दा खरा होता. माणसाला आपल्या हाताने काहीतरी भरवायचं असतं, गोडधोड असलं तर उत्तम. त्यामुळे तोडगा गोडातूनच काढला. कडब्याची बारीक कुट्टी, त्यावर गुळाचं पातळ पाणी शिंपडलेलं, चिमूटभर मीठ, आणि ते द्रोणात. किंमत लाडवाइतकीच. द्रोण गाईच्या तोंडात जाऊ नये म्हणून मावशी तो हातात धरून बसतात. गूळ इतका थोडा की पोटाला त्याचं काही वाटत नाही, पण वास येतो आणि भक्ताला समाधान. कुट्टी संपते, पुन्हा विकावी लागते, म्हणजे मावशींचा धंदाही चालतो. उत्पन्न आधीपेक्षा थोडं कमी झालंय असं त्या म्हणतात. मला ते खरं वाटतं. फरक भरून काढायला देवळाने दानपेटीतून कडब्याचे पैसे द्यावेत असं मी सुचवलं. त्यावर विश्वस्तांचा विचार अजून चालू आहे.

गोग्रासासाठी एक स्टीलचं पिंप आलं. पानातला एक घास गाईला, बाकी पिंपात. या भाद्रपदात ते दिवसाला दोनदा भरलं. काही जणांनी हुज्जत घातली, एकांनी तर गाय बदलल्याचा संशय घेतला. पण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी त्या देवळाकडून फोन आला नाही. पुढच्या चौकातल्या दुसऱ्या देवळाकडून आला.

राहिलेल्या गोष्टी दोन. आम्लतेनंतर काही आठवड्यांनी खुरांवर आडवी वळी उमटली. खुराच्या आतल्या पडद्याला सूज आली होती याची ती खूण. खूर तासून घेतलेत, चालताना ती मागचा डावा पाय अजून जपून टाकते. दुसरी गोष्ट प्लास्टिकची. आधी गिळलेल्या पिशव्या कोठीपोटातच असणार, त्या पचत नाहीत आणि बहुधा आपोआप बाहेरही येत नाहीत. सध्या ती खाते, रवंथ करते, पोट फुगत नाही, म्हणून शस्त्रक्रियेची घाई केलेली नाही. पोटफुगी वरचेवर होऊ लागली तर कोठीपोट उघडून ते काढावं लागेल, आणि त्यासाठी तिला मुंबईत परळच्या जनावरांच्या इस्पितळात न्यावं लागेल. टेम्पोचं भाडं कोण देणार, यावर नाना आणि मावशींचं आधीच वाजलंय.